यॉटवरच्या खास जेवणासाठी उंची भांडी कशी निवडावीत?

रेखाटन

नमस्कार मंडळी. मी इंटिरियरचं काम करते. आजवरची कामं सगळी जमिनीवरची, घरं आणि छोटी हॉटेलं. आता पहिल्यांदाच एका मोटर यॉटसाठी जेवणाचं सगळं सामान निवडायचं काम आलंय: प्लेटा, ग्लास, काटे-चमचे, वाढायची भांडी, अगदी नॅपकिनपर्यंत. यॉट साधारण ४५ मीटर लांबीची. पाहुणे १२. जेवायच्या जागा तीन. आत सलूनमध्ये, म्हणजे बैठकीच्या दालनात, चकचकीत पॉलिशचं लाकडी टेबल, मागच्या डेकवर मोठं टेबल आणि सगळ्यात वर सनडेकवर जकुझीला लागून छोटी बैठक.

मालकांची आवड ठरलेली आहे. सोनेरी काठाचं पातळ पोर्सिलेन, हाताने कापलेलं क्रिस्टल आणि चांदीचे काटे-चमचे. आवड सुरेखच आहे आणि ती मोडायची माझी अजिबात इच्छा नाही. पण शोरूममध्ये नमुने हाताळताना सारखं मनात येतं की यातलं समुद्रावर काय टिकेल हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही. विक्रेते सगळ्यालाच 'यॉटसाठी उत्तम' म्हणतात. तिन्ही जागांना एकच सेट चालेल का? किती नग मागवावेत? चांदीचं काय करू? ज्यांनी बोटीवर काम केलंय किंवा ज्यांना या वस्तूंची आतून माहिती आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

निळाई

रेखाटन, शोरूममध्ये परत जाण्याआधी यॉटच्या पँट्रीत जा आणि टेप लावून खण मोजा. मी यॉटवर आधी इंटिरियर क्रूमध्ये आणि पुढे चीफ स्ट्यू, म्हणजे त्या क्रूची प्रमुख, म्हणून काम केलंय. भांड्यांची निवड खणापासून सुरू झाली तरच ती निभते, असं माझं ठाम मत आहे. जमिनीवर आपण आधी प्लेट पसंत करतो आणि मग तिला कपाट शोधतो. यॉटवर कपाट आधीच ठरलेलं असतं आणि ते बोटभरही वाढत नाही.

खणाची आतली रुंदी, खोली आणि मुख्य म्हणजे उंची लिहून घ्या. ३२-३३ सेंमीच्या चार्जर प्लेटा, म्हणजे जेवणाच्या प्लेटखाली शोभेसाठी मांडायच्या मोठ्या प्लेटा, फोटोत देखण्या दिसतात, पण पुष्कळ यॉटवर त्या मावतील असा खणच नसतो. मग त्या कुठल्या तरी झोपायच्या बंकखाली ब्लँकेटात गुंडाळून जातात आणि महिनोन्महिने बाहेर येत नाहीत. टेबलाचंही तेच. माणशी साधारण ६० सेंमी जागा धरतात. तेवढ्यात चार्जर, दोन्ही बाजूंचे काटे-सुऱ्या, ब्रेडची प्लेट आणि वर तीन ग्लास एकदा खरोखर मांडून बघा. शेजाऱ्याचं कोपर कुठे येतं ते लगेच कळेल.

प्लेटांच्या चांगल्या खणात तळाला भोकांची फळी असते. चळतीभोवती तिच्यात लाकडी खुंट्या रोवायच्या, अशा की चळत जराही सरकणार नाही. दोन प्लेटांच्या मध्ये मऊ कापडाची चकती. ग्लाससाठी जाड फोम कापून प्रत्येकाला स्वतःची खोबण. ग्लास एकमेकांना लागत नाहीत आणि एखादा फुटला की रिकामी खोबण लगेच डोळ्यात भरते, मोजदाद वेगळी करावी लागत नाही. चळतीची उंची चकत्यांसकट काढा. नाहीतर बारा प्लेटांसाठी ठरवलेल्या खणात दहाच मावतात.

भांडी लाटांनी फुटतात असं सगळ्यांना वाटतं. पण वाईट हवामान येणार हे आधी समजतं आणि आपण सगळं बांधून ठेवतो. खरा त्रास थरथरीचा. इंजिन किंवा जनरेटर रात्रभर चालू असतो आणि दोन क्रिस्टल ग्लास नुसते टेकलेले असले तरी सकाळी एकाच्या काठाचा टवका उडालेला असतो. १९३५ साली पहिल्या सफरीवर निघालेल्या 'नॉर्मंडी' या फ्रेंच जहाजाचं भोजनगृह सुमारे ९३ मीटर लांब होतं, दिवे लालिक या काचकारखान्याचे, चांदीची भांडी क्रिस्टोफ्ल या नामांकित कंपनीची. त्याच जहाजाचा मागचा भाग इतका थरथरायचा की तीन पात्यांचे प्रोपेलर काढून चार पात्यांचे बसवावे लागले. एवढ्या मोठ्या जहाजाची ही गत, तर ४५ मीटरच्या यॉटवर हे गृहीतच धरा.

वाचनमात्र

खूप वेगळा विषय. वाचतोय. एक शंका: पाहुणे १२ च का? सगळीकडे हाच आकडा दिसतो.

निळाई

वाचनमात्र, जहाजांच्या सुरक्षिततेच्या आंतरराष्ट्रीय करारात, सोलासमध्ये, १२ पेक्षा जास्त प्रवासी नेणारं जहाज 'प्रवासी जहाज' ठरतं आणि त्याला फार कडक नियम लागू होतात. म्हणून बहुतेक यॉट १२ पाहुण्यांवर थांबतात. टेबल, खुर्च्या, भांडी सगळ्याचा हिशेब तिथूनच सुरू होतो.

चाकावरची माती

सिरॅमिकच्या कारखान्यात आयुष्य गेलं, त्यामुळे प्लेटांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. जरा लांबेल.

रेखाटन ताई, 'पातळ म्हणजे नाजूक' हा समज आधी काढून टाका. बोन चायनात हाडांची राख साधारण निम्मी असते आणि त्यामुळे ते पातळ असूनही चिवट असतं. अठराव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये स्टोक-ऑन-ट्रेंटला जोसाया स्पोडच्या कारखान्यात त्याची घडी बसली. त्याहून जुनं ते कठीण पोर्सिलेन: केओलिन ही पांढरी माती, फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ ही खनिजं, १४०० अंशांच्या आसपास भाजलेलं. युरोपात ते जर्मनीतल्या मायसनला १७१० पासून बनू लागलं, आणि १७६८ मध्ये लिमोजजवळ केओलिन सापडल्यावर फ्रान्समध्येही. याचा ग्लेझ, म्हणजे वरचा काचेसारखा थर, फार कडक, सुरीने सहसा ओरखडत नाही. तिसरा पर्याय म्हणजे हॉटेलांसाठी बनणारं ॲल्युमिना घातलेलं पोर्सिलेन. दिसायला थोडं जाड, पण काठाला टवके कमी जातात. आतल्या टेबलासाठी बोन चायना किंवा चांगलं लिमोज, मागच्या डेकसाठी ॲल्युमिनावालं, असं मी सुचवेन. कुठलंही घ्या, काठ बोटाने चाचपून पहा. धारदार काठाला टवका आधी जातो. किंचित गोलावलेला, आतून भरीव काठ टिकतो.

आता सोनं. सोनेरी पट्टा ग्लेझच्या वर असतो. प्लेट पूर्ण भाजून झाल्यावर सोनं लावतात आणि साधारण ८०० अंशांना पुन्हा एकदा हलकी भाजणी देतात. म्हणजे ते ग्लेझमध्ये मुरत नाही, वरच बसतं. डिशवॉशरचा तीव्र साबण आणि गरम पाणी त्याला हळूहळू खातं, मायक्रोवेव्हमध्ये ठिणग्या उडतात. सोनं हवंच असेल तर ते फक्त कडेच्या पट्ट्यात असू द्या, प्लेटच्या मधोमध नको. चळतीत वरच्या प्लेटचा तळ खालच्या प्लेटच्या मध्यावर घासतो, काठावर नाही.

याउलट ग्लेझखालची निळी नक्षी. कोबाल्टचा रंग आधी प्लेटवर रंगवतात, वर ग्लेझ चढतो आणि मग सगळं एकत्र पूर्ण तापमानाला भाजतात. त्या आचेत टिकणारे रंग फार थोडे, कोबाल्ट त्यातला राजा. रंग काचेच्या थराखाली बंद झाला की साबण, मीठ, सुरी यापैकी काहीच त्याच्यापर्यंत पोचत नाही. आणि तुमच्या दृष्टीने त्याहून मोठी गोष्ट पुढे आहे. मायसनची निळी 'कांदा' नक्षी सुमारे १७४० पासून आणि डेन्मार्कच्या रॉयल कोपनहेगनची निळी नक्षी १७७५ पासून बनते आहे, अजूनही बनते. आज फुटलेली प्लेट दहा वर्षांनी तशीच मिळण्याची शक्यता इथे सर्वात जास्त. फॅशनची नक्षी चार-पाच वर्षांत बंद होते आणि मग बारातल्या नऊच उरतात. मालकांना उंची वस्तू हवी आहे ना? हातानं रंगवलेली, ग्लेझखालची निळी ही माझ्या मते सोनेरी काठापेक्षा वरच्या दर्जाची आहे, आणि ती रोज वापरता येते.

रेखाटन

हे वाचून मी थक्क झाले. ग्लेझखालचं आणि ग्लेझवरचं हा फरक एकाही विक्रेत्याने सांगितला नव्हता. एक विचारू का? हल्ली हाताने घडवलेलं मॅट स्टोनवेअर सगळीकडे दिसतं. मालकांच्या मुलीला ते फार आवडतं.

चाकावरची माती

मला स्वतःलाही आवडतं. यॉटवर घेण्याआधी दोन गोष्टी बघा. पांढऱ्या मॅट ग्लेझवर स्टीलची सुरी ओढली की करड्या रेघा उमटतात. ओरखडा वाटतो, पण तो खरं तर सुरीचाच धातू असतो, खडबडीत पृष्ठभागावर घासून राहिलेला. ऑक्झॅलिक आम्लाच्या पावडरीने जातो, पण क्रूला दर जेवणानंतर तेच करत बसावं लागेल. विक्रेत्यासमोरच सुरी ओढून बघा, चांगला विक्रेता नाही म्हणणार नाही. दुसरं म्हणजे हाताने घडवलेल्या प्लेटा एकसारख्या नसतात, चळत वाकडी होते आणि निळाईंच्या त्या खुंट्यांमध्ये बसत नाही. सूप-सॅलडचे सहा-आठ वाडगे घ्या, मुलीचं मन राहील.

आणि सर्वांत महत्त्वाचं राहिलंच! प्लेट उलटी करा. तळाशी जी उभी कडी असते तिच्यावर बहुधा ग्लेझ नसतो, नाहीतर भट्टीत प्लेट फळीला चिकटेल. ती कडी घासून गुळगुळीत केलेली आहे का ते बोट फिरवून पहा. खरखरीत असेल तर तुमच्या त्या चकचकीत पॉलिशवर गोल चरे पाडेल, आणि चळतीत खालच्या प्लेटचा ग्लेझही घालवेल. यॉट बांधणाऱ्यांकडून पॉलिशचा एक नमुना-तुकडा मागून घ्या आणि प्रत्येक प्लेट त्याच्यावर जरा दाबून फिरवा. जिच्याने चरा उठेल ती बाद. बाकी कितीही सुंदर असो.

उंबरठा

+१. माहितीपूर्ण प्रतिसाद. बोन चायनाबद्दल एक भर: त्यात प्राण्यांच्या हाडांची राख असते, बहुधा गुरांच्या. शाकाहारी किंवा व्हीगन पाहुण्यांपैकी काहींना हे चालत नाही आणि त्यांना ते ऐन जेवताना कळणं बरं नाही. यॉट चार्टरला, म्हणजे भाड्याने, जाणार असेल तर मुख्य सेट कठीण पोर्सिलेनचाच ठेवावा असं वाटतं. देखणेपणात काही उणं पडत नाही.

निळाई

उंबरठा, अगदी बरोबर. पाहुण्यांकडून आधी जो पसंतीचा फॉर्म भरून घेतात त्यात जेवणाच्या सवयी असतात, भांड्यांचा प्रश्न कोणी घालत नाही. घालायला हवा.

डोलकाठी

मी शिडाच्या बोटींवरचा माणूस, त्यामुळे थोडं वेगळं. मोटर यॉट नांगरावर असताना स्टॅबिलायझरमुळे, म्हणजे डोलणं कमी करणाऱ्या यंत्रणेमुळे, बरीच स्थिर राहते. शिडाची बोट वाऱ्यावर चालू लागली की वीस अंश कलणं रोजचं. तिथे टेबलाला उठावदार कड लागते, म्हणजे फिडल, आणि खाली न घसरणारं अस्तर. पण रेखाटन, तुमच्या डेकवरच्या टेबलालाही वारा आणि शेजारून गेलेल्या बोटीच्या लाटा चुकणार नाहीत. म्हणून आकारांबद्दल लिहितो.

प्लेटला थोडा तरी उभा काठ असावा. हल्ली सपाट, बिनकाठी प्लेटांची चलती आहे. त्यात पातळ रस एका बाजूला जमा होतो आणि मग मांडीवर येतो. कप रुंद बुडाचे. उंच, बारीक शॅम्पेन फ्लूट सगळ्यात आधी आडवी होते, पसरट शॅम्पेन कूपमधून वाईन सांडते. मधला ट्युलिप आकार घ्या, बुडाची तबकडी रुंद आणि दांडी आखूड. डिकँटर, म्हणजे मद्य ओतून टेबलावर ठेवायची काचेची सुरई, हवा असेल तर जुन्या आरमारी धाटणीचा, तळ पसरट आणि गळा अरुंद असलेला 'शिप्स डिकँटर' बघा. तो आकार समुद्रासाठीच घडला. सगळं वजन खाली असल्यामुळे जहाज डोललं तरी तो सहजी कलंडत नाही, आणि आतल्या टेबलावर त्याच्याइतकी शोभून दिसणारी दुसरी वस्तू मला माहीत नाही.

मेलामाइनबद्दल: चांगल्या प्रतीचं मेलामाइन न्याहारीला, हलक्याफुलक्या खाण्याला ठीक. कढत पदार्थ नको. ७० अंशांच्या वर त्यातून मेलामाइन आणि फॉर्मल्डिहाइड अन्नात उतरण्याचं प्रमाण वाढतं, म्हणून जर्मनीची जोखीम मूल्यमापन संस्था तसा वापर करू नका असं सांगते. मायक्रोवेव्हमध्ये तर मुळीच नाही.

निळाई

डोलकाठी, आकारांबद्दल शंभर टक्के सहमत. मेलामाइन मात्र मी मागच्या डेकवर येऊच देणार नाही. पाहुणे तिथेच सगळ्यात जास्त जेवतात. आतलं टेबल थंडीवाऱ्यात किंवा एखाद्या औपचारिक रात्री वापरलं जातं. रोजच्या जेवणाला प्लास्टिक आणि वर्षातून चार वेळा पोर्सिलेन, असं झालं तर मालकांनी एवढी हौस कशासाठी केली? डेकवर खरं पोर्सिलेनच असावं, फक्त काठ मजबूत असावा. प्लास्टिकची जागा सनडेकवर, जकुझीपाशी.

तिथे मात्र काच शून्य. यावर तडजोड नाही. यॉटवर सगळे अनवाणी असतात. सागवानी डेकच्या पट्ट्यांमध्ये काळ्या रबरी सांध्यांच्या फटी असतात, पातळ क्रिस्टलची कणी त्यात जाऊन बसते आणि दोन दिवसांनी कोणाच्या तरी पायात निघते. जकुझीत काच फुटली तर पारदर्शक काच पाण्यात दिसतच नाही, सगळं पाणी सोडून, गाळण्या उघडून साफसफाई करावी लागते.

डोलकाठी

डेकवर पोर्सिलेन, मान्य. तुमच्याकडे वाढणारी माणसं आहेत, आमच्या बोटीवर आम्हीच आम्हाला वाढतो. माझं मत लहान बोटीचं होतं.

कांचनमृग

काचेबद्दल मी लिहितो. खरेदी करताना 'ट्रायटन' हे नाव दोन वेगळ्या वस्तूंवर दिसेल. जर्मनीतल्या झ्वीजेल कंपनीची ट्रायटन ही खरी काच आहे, शिसं नसलेली, टायटॅनियम आणि झिर्कोनियमच्या ऑक्साइडमुळे जास्त टणक. अमेरिकेतल्या ईस्टमन कंपनीचं ट्रायटन हे प्लास्टिक, बीपीए (काही प्लास्टिकमध्ये असणारं एक रसायन) नसलेलं. पहिलं मागच्या डेकसाठी योग्य, दुसरं जकुझीसाठी. मागणीपत्रात नुसतं 'ट्रायटन वाईन ग्लास' लिहिलंत तर काहीही येऊ शकतं.

कापकामाचं क्रिस्टल: युरोपातल्या १९६९ च्या नियमानुसार लेड क्रिस्टलमध्ये शिशाचं ऑक्साइड किमान २४ टक्के आणि 'फुल लेड'मध्ये ३० टक्के लागतं. त्याने काच जड होते, प्रकाश सुंदर फोडते आणि मऊ होते, म्हणून तर इतकं खोल कापकाम जमतं. मऊ म्हणजे ओरखडेही लवकर. आतल्या टेबलावर पाण्याचे आणि व्हिस्कीचे बुटके, जड बुडाचे ग्लास या काचेचे घ्या, ते आपल्या वजनानेच स्थिर राहतात. बाकारा किंवा सँ-लुई या फ्रेंच क्रिस्टल कारखान्यांचे असे ग्लास हातात घेतले की मालकांची हौस पुरी होईल. वाईनचे दांडीचे ग्लास मात्र बिनशिशाचे. आणि लेड क्रिस्टलच्या डिकँटरमध्ये मद्य साठवून ठेवू नका, शिसं उतरतं. जेवणापुरतं भरायचं, नंतर रिकामं करायचं.

धुण्याबद्दलही बोलायला हवं. यॉटवर बरंचसं पाणी समुद्राच्याच पाण्यातून रिव्हर्स ऑस्मोसिसने बनवतात. ते फार मऊ, म्हणजे क्षार अगदी कमी असलेलं, असतं. जड पाण्याने काचेवर पांढरा थर बसतो आणि तो व्हिनेगरने निघतो. अती मऊ पाणी, गरमी आणि तीव्र साबण मिळून काचेचा पृष्ठभागच झिजवतात, तो धूसरपणा कशानेच जात नाही. उंची ग्लास हाताने, कोमट पाण्यात. डिशवॉशर वापरलाच तर काचेचा कमी तापमानाचा प्रोग्रॅम आणि सौम्य साबण.

रेखाटन

कांचनमृग, ट्रायटनबद्दल लाख धन्यवाद. माझ्या यादीत खरंच नुसतं 'ट्रायटन' असंच लिहिलेलं होतं, आत्ता दुरुस्त केलं. आता चांदीकडे कोणीतरी वळा!

धातूवेध

आलोच. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे, खाऱ्या हवेनेच पडते असं नाही. मिठाचा हल्ला वेगळा: क्लोराइडमुळे चांदीवर बारीक खड्डे पडतात आणि ते पुसून जात नाहीत. म्हणूनच जुन्या चांदीच्या मीठदाण्या आतून सोन्याचा मुलामा दिलेल्या किंवा काचेची वाटी बसवलेल्या असतात. यॉटवर दोन्ही शत्रू हजर असतात. तरी चांदी नको असं मी म्हणणार नाही, नीट ठेवली तर ती राहते.

ठेवायची कशी, यात एक गोष्ट हमखास निसटते. खणात भांडी सरकू नयेत म्हणून लोक रबरी अस्तर घालतात. रबर पक्कं करायला गंधक वापरतात, आणि ते बंद खणात चांदीला काळं करत राहतं. लोकरीच्या फेल्टमध्येही गंधक असतं. चमचे रबरबँडने बांधले तर रबराची रेघ जशीच्या तशी उमटते. चांदीच्या खणाला सुती अस्तर द्या, त्यातही चांदीचे सूक्ष्म कण घातलेलं खास कापड मिळतं, ते गंधक स्वतः शोषून घेतं. वापर झाला की गोड्या पाण्याने लगेच धुणं आणि लगेच कोरडं करणं. ओली चांदी खणात कधीच जाऊ नये. डिशवॉशरमध्ये चांदी आणि स्टील एकाच जाळीत टेकून ठेवू नका, दोन धातू ओल्यात एकमेकांना लागले की डाग पडतात.

रोजच्यासाठी १८/१० स्टील घ्या, म्हणजे १८ टक्के क्रोमियम, १० टक्के निकेल. बोटीच्या रेलिंगला वापरतात त्या ३१६ स्टीलमध्ये २-३ टक्के मॉलिब्डेनमही असतं, त्याने मिठाचा सामना जास्त चांगला होतो, पण काटे-चमचे त्यात क्वचितच मिळतात. गंमत सुऱ्यांची आहे. सेटवर १८/१० लिहिलेलं असलं तरी सुरीचं पातं त्याचं नसतं. धार टिकायला पातं कडक करता येईल असं स्टील लागतं, त्यात क्रोमियम साधारण १३ टक्के आणि निकेल जवळजवळ नाही. म्हणून यॉटवर काटे चकचकीत राहतात आणि सुऱ्यांवर तांबूस ठिपके येतात. सुऱ्या डिशवॉशरमध्ये रात्रभर ओल्या पडू देऊ नका. पोकळ मुठीच्या सुऱ्या तर हातानेच धुवा. मूठ आणि पातं जोडणारा मसाला गरम पाण्याने सैल होतो. मालकांना सोनेरी हवं असेल तर पीव्हीडी पद्धतीने, म्हणजे निर्वातात वाफ बसवून, टायटॅनियम नायट्राइडचा सोनेरी थर दिलेलं स्टील बघा, साध्या सोन्याच्या मुलाम्यापेक्षा किती तरी टिकाऊ.

वाचनमात्र

रबरामुळे चांदी काळी पडते हे आज कळलं. घरातल्या खणाचं अस्तर आत्ताच बदलतो.

उंबरठा

संख्येचा प्रश्न राहिला. आणि मोनोग्रामचा. यॉटचं नाव प्लेटांवर घालावं का?

निळाई

संख्या. टेबल १२ चं असलं तरी जेवणाच्या प्लेटा १६ ते १८ घ्या. लहान प्लेटा, २०-२१ सेंमीच्या, दुप्पट म्हणजे किमान २४, कारण सुरुवातीच्या पदार्थाला आणि गोडाला त्याच लागतात आणि मधल्या वेळात धुऊन पुसून परत आणणं पाचसहा पदार्थांच्या जेवणात जमत नाही. वाईनचे ग्लास सगळ्यात जास्त फुटतात, ते प्रत्येक प्रकारचे २४. प्रकार मात्र कमी. पांढरी, लाल, पाणी, शॅम्पेन, बस्स. प्रत्येक द्राक्षाला वेगळा ग्लास ही जमिनीवरची चैन आहे. सगळं एकाच वेळी, एकाच भट्टीतलं मागवा. पुढच्या खेपेच्या पांढऱ्या रंगात फरक पडतो आणि तो शेजारी ठेवला की दिसतो. राखीव नग यॉटवर भरू नका, किनाऱ्यावरच्या गोदामात ठेवा. २७ सेंमीची प्लेट सहा-सातशे ग्रॅमची असते, शंभरभर प्लेटा आणि वर क्रिस्टल, हे सगळं वरच्या डेकच्या पँट्रीत गेलं तर कॅप्टन नाराज होईल आणि त्याचं बरोबर असेल.

मोनोग्राम मला आवडतो, पण तो मुख्य प्लेटांवर नको. यॉट विकली जाते, नाव बदलतं, आणि अख्खा सेट निरुपयोगी होतो. नॅपकिन, नॅपकिनची कडी, फार तर कॉफीचे कप यावर नाव घाला. कपांवर घालायचं तर ते ग्लेझमध्ये मुरवलेलं, वर चिकटवलेलं नव्हे, आणि नक्षीची मूळ फाइल तुमच्या ताब्यात राहील असं आधीच लिहून घ्या.

अजून एक, उन्हाबद्दल. भर दुपारी डेकवर शुभ्र पांढरी चकचकीत प्लेट डोळ्यांवर येते, पाहुणे काळा चष्मा काढू शकत नाहीत. किंचित हस्तिदंती छटा किंवा निळ्या नक्षीने भरलेला काठ सुखाचा. धातूच्या चार्जर प्लेटा उन्हात तापून हाताला चटका देतात, त्या आतच ठेवा. आणि डेकवर नॅपकिन जाड विणीचे, कड जड शिवलेले. हलके तलम नॅपकिन पहिल्या झुळकीत समुद्रात.

डोलकाठी

मेणबत्त्यांचं कोणी बोललं नाही. उघडी ज्योत बोटीवर नको. उंच काचेच्या झाकणात बॅटरीचे दिवे, त्यातले चांगले हल्ली ओळखू येत नाहीत.

चाकावरची माती

मांडणीबद्दल थोडं. ब्रिटिश राजघराण्याची 'ब्रिटानिया' ही यॉट १९९७ मध्ये निवृत्त झाली. तिच्यावर शाही मेजवानीचं टेबल मांडायला तीन तासांपर्यंत वेळ लागायचा आणि प्रत्येक काटा-सुरीची जागा पट्टीने मोजायचे. भांडी कितीही भारी असली तरी टेबलाला डौल येतो तो त्या सरळ रेषेने. खुर्चीगणिक अंतर मोजायला एक लाकडी पट्टी करून क्रूला द्या, ताई.

रेखाटन

सगळ्यांचे मनापासून आभार. मालकांशी आज बोलणं झालं. तळाची कडी आणि ग्लेझखालची नक्षी दोन्ही त्यांना प्लेट उलटी करून दाखवली, आणि ते स्वतःच म्हणाले की मुख्य सेट निळ्या नक्षीचा करू. कठीण पोर्सिलेन, १८ जेवणाच्या आणि २४ लहान प्लेटा, तोच आत आणि तोच मागच्या डेकवर. सोनेरी काठाची हौस फक्त कॉफीच्या कपांत, ते हाताने धुतले जातील. कापकामाचे बुटके ग्लास आणि एक शिप्स डिकँटर आतल्या टेबलासाठी. वाईनसाठी बिनशिशाची टणक काच. सनडेकवर प्लास्टिकचं ट्रायटन. चांदी १२ जणांपुरती, सुती अस्तराच्या खणात, आणि रोजचं १८/१० स्टील.

चार्जर प्लेटांवर मात्र ते अडून आहेत. खण मोजला, आतली रुंदी ३१ सेंमी आहे.

निळाई

मग ३० चा चार्जर शोधा, मिळतो. निवड फार छान झाली आहे. आता पक्की मागणी देण्याआधी एक करा. यॉटची सी ट्रायल, म्हणजे समुद्रावरची चाचणी फेरी, होईल तेव्हा प्रत्येक प्रकारचे दोन-तीन नमुने घेऊन जा. खऱ्या खणात, खऱ्या खुंट्या आणि फोममध्ये ठेवा आणि इंजिन पूर्ण वेगात असताना खणाला कान लावा. कुठे किणकिण ऐकू आली तर फोम तिथे बदलायचा. मंद वेगातही ऐका, काही भांडी एका ठरावीक वेगालाच वाजू लागतात. हे काम शिपयार्डमध्ये असताना तासाभराचं असतं, पाहुणे आल्यावर कोणी करू देत नाही.

रेखाटन

ट्रायल पुढच्या महिन्यात आहे. कॅप्टनना आत्ताच कळवते आणि फोम कापणाऱ्यालाही सोबत नेते. काय वाजतं ते इथे लिहीन.